फटफटी, स्पिटफायर आणि एक पितळी वायसर

आमच्या आळीत दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली, की तीन म्हातारे वॉरंटसाहेबांच्या माडीवर जमतात आणि आतून दार लोटून घेतात. आळीतल्या बायकांना आधी वाटले, पत्ते चालतात. मग वाटले, त्याहूनही काही वाईट चालते. कारण दाराआडून मधूनच असा आवाज येई, की कोणी पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडून डबा हलवीत आहे. अखेर साहेबांच्या मंडळींनीच खुलासा केला. "काही नाही हो, एका शनिवारी फटफट्या बघतात, दुसऱ्या शनिवारी विमाने बघतात. आणि तीच तीच बघतात!"

आरोप खरा आहे. वॉरंटसाहेब हवाई दलात इंजिन-फिटर होते. ते नोकरीला लागले तेव्हा डाकोटा विमाने अजून उडत होती, आणि त्या इंजिनाच्या तेलाचा वास आजही झोपेत येतो असे ते सांगतात. दुसरे मिस्त्री, त्यांचे मोटारसायकल-दुरुस्तीचे दुकान आता मुलगा चालवतो, पण कार्बोरेटर उघडायचा झाला की अजून गिऱ्हाइके म्हाताऱ्यालाच शोधीत येतात. तिसरा मी. चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, हातात पाना कधी धरला नाही. साहेबांना महायुद्धातल्या विमानांचे वेड, मिस्त्रींना शर्यतींच्या अनुबोधपटांचे. मी आपला पंच. पंचाचे काम सोपे नव्हते. साहेब म्हणत, "मिस्त्री, तुमची ती पोरे भिंतीला खांदा घासत जातात, ती कशासाठी? विमानाला निदान काही कारण होते." मिस्त्री म्हणत, "साहेब, तुमची विमाने माणसे मारायला निघाली होती. माझी पोरे कोणाला मारायला जात नाहीत." या वादाला उत्तर नाही. पण वाद ऐकता ऐकता मला असे दिसू लागले, की हे दोघे दोन निराळ्या वेडांबद्दल भांडत नाहीत. एकाच वाड्याच्या दोन दारांवर उभे राहून भांडत आहेत. तो वाडा कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख.

तो वाडा म्हणजे ब्रुकलँड्स. लंडनजवळ सरे परगण्यात ह्यू लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने १९०७ साली स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने मोटारींच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा रस्ता बांधला. लांबी पावणेतीन मैल; आणि वळणावर त्याचा बाहेरचा काठ जवळजवळ तीस फूट उचललेला, म्हणजे विहिरीच्या भिंतीवरून फटफटी फिरवणारा जत्रेतला गडी आपण पाहतो, तसाच काहीसा प्रकार, मात्र विहीर मैलभर रुंद. हा खटाटोप करण्याचे कारण असे, की इंग्लंडात त्या वेळी हमरस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि शर्यतींना तर मुळीच परवानगी नव्हती. आयरिश समुद्रातल्या मॅन बेटाची गोष्ट वेगळी. त्या बेटाला स्वतःचे विधिमंडळ आहे, आणि त्याने १९०४ साली कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवण्याची मुभा दिली. म्हणून १९०७ या एकाच वर्षी दोन गोष्टी सुरू झाल्या : ब्रुकलँड्सचा काँक्रीटचा रस्ता, आणि मॅन बेटावरची टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'टीटी'.

आता गंमत अशी, की ब्रुकलँड्सच्या त्या कड्याच्या आतली मोकळी जागा विमानवेड्यांच्या डोळ्यांत भरली. उडण्याचे पहिले लटके प्रयत्न तिथे झाले. मग शेड उभ्या राहिल्या, वैमानिकांच्या शाळा निघाल्या, व्हिकर्स आणि हॉकर या कंपन्यांची बिऱ्हाडे तिथे आली. बाहेरच्या गोलावर नॉर्टन आणि ट्रायम्फ गाड्या घोंघावताहेत आणि आतल्या हिरवळीवरून विमान उचलते आहे, असे चित्र तिथे रोजचे होते. ६ नोव्हेंबर १९३५ या दिवशी हॉकर हरिकेनचा पहिला नमुना उडाला तो इथूनच. हेच हरिकेन पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हिंदी स्क्वॉड्रनांनी उडवले. मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मास्तर, एकाच नळावर दोघांचे पाणी." मला एवढे सुटसुटीत कधी सांगता आले नसते.

या अंगणात वाढलेली एक मुलगी हीच माझ्या लेखाची नायिका. बिअट्रिस शिलिंग तिचे नाव. जन्म १९०९ चा, एका खाटकाच्या घरातला. चौदाव्या वर्षी तिने जमवलेल्या पैशांतून मोटारसायकल घेतली, आणि ती होती रॉयल एनफील्ड! बुलेटचे नाव काढताच छाती फुगवणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. ती मुलगी नुसती गाडी चालवून थांबली नाही. उघडून पाहू लागली. पुढे मँचेस्टरच्या विद्यापीठात तिने विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी घेतली, त्यावर यंत्रशास्त्राची आणखी एक. आणि मग पाचशे सीसीच्या नॉर्टनवर बसून ब्रुकलँड्सला उतरली.

ब्रुकलँड्सला शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने एक फेरा पुरा करणाऱ्याला मोटारसायकल क्लबाकडून एक छोटा सोन्याचा तारा मिळे. १९३४ साली शिलिंगने ताशी १०६ मैलांचा फेरा मारून तो मिळवला. हा तारा मिळवणाऱ्या बायका साऱ्या तीन. त्यांतली पहिली फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन आणि तिसरी थेरेसा वॉलक या दोघींनी तर आणखी कमाल केली : त्याच वर्षाच्या अखेरीस एक फटफटी, तिला साइडकार, आणि मागे एक ढकलगाडी जोडून त्या लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून केपटाऊनला पोचल्या. पण तो मोठा विषय आहे. त्यात शिरलो तर संपादक मला दिवाळीचा फराळ देणार नाहीत. शिलिंगबाईंची एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. जॉर्ज नेलर नावाच्या तरुणाने तिला मागणी घातली, तेव्हा 'आधी तूही शंभरचा तारा मिळव, मग लग्न' अशी तिने अट घातली म्हणतात. खरे-खोटे देव जाणे. पण तारा त्याला मिळाला आणि १९३८ साली लग्नही झाले. साहेबांच्या मंडळी हे ऐकून म्हणाल्या, "आमच्या वेळी ही सोय असती, तर बरे झाले असते."

१९३६ पासून शिलिंग फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत कामाला होती. कार्बोरेटर हा तिचा विषय. आणि इथे कार्बोरेटरचे थोडे पुराण लावणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. मला समजले म्हणजे कोणालाही समजेल.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते : बारा सिलिंडर, सत्तावीस लिटरांचे धूड, हजारावर अश्वशक्ती. पण या राक्षसाला पेट्रोल पाजणारी वाटी मात्र आपल्या फटफटीतल्यासारखीच होती. तिच्यात पेट्रोल भरलेले, त्यावर तरंगणारा फ्लोट. पातळी उतरली की फ्लोट उतरतो आणि झडप उघडते, पातळी चढली की मिटते. पाण्याच्या टाकीतला चेंडू घरोघर हेच काम करतो. आता जत्रेतल्या आकाशपाळण्यात वरून खाली येताना पोटात गोळा येतो, तो आठवा. वैमानिकाने विमानाचे नाक झटक्यात खाली दाबले, की अख्ख्या विमानाच्या पोटात तसा गोळा येतो. वाटीतले पेट्रोल उसळून झाकणाला लागते. तळाशी काही उरत नाही, आणि इंजिन क्षणभर गुदमरते. ते सावरते न सावरते तोच उघड्या राहिलेल्या झडपेतून पंप सगळे पेट्रोल आत लोटतो, वाटी काठोकाठ भरते, आणि तहानेने व्याकूळ झालेले इंजिन आता पाण्यात बुडाल्यासारखे बुडते. धूर ओकते, बंद पडते.

जर्मनांच्या मेसरश्मिट विमानात अशी वाटीच नव्हती. त्यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई. त्यामुळे १९४० साली पाठीशी स्पिटफायर लागले, की जर्मन वैमानिक सरळ नाक खाली करून बुडी मारी. इंग्रज पोरगा मागून बुडी मारायला जाई, आणि ऐन वेळी त्याचे इंजिन खोकू लागे. यावर त्याने शोधलेली युक्ती म्हणजे आधी विमान उलथे करायचे आणि मग बुडी घ्यायची, म्हणजे पेट्रोल वाटीच्या तळाशीच राहते. पण एवढ्या वेळात सावज निघून जाई. आणि सावज आपणच असलो, तर मग बोलायलाच नको.

शिलिंगने केले ते असे. वाटीकडे जाणाऱ्या नळीत तिने एक पितळी टोपण बसवले, अंगठ्याला घालायच्या अंगुस्तान्यासारखे, मध्ये मोजून पाडलेले भोक. पुढे पुढे तर त्याचे नुसते चपटे वायसर झाले. भोक एवढेच, की इंजिन पूर्ण जोरात असताना त्याला लागेल तेवढे पेट्रोल जाईल. थेंब जास्त नाही. झडप उघडी राहो, पंप लोटत राहो, वाटी आता बुडत नव्हती. आणि मोठी गोष्ट म्हणजे, ते बसवायला विमान कारखान्यात पाठवावे लागत नव्हते. शिलिंग आणि तिची चार माणसे एकेका विमानतळावर जात आणि तिथल्या तिथे वायसर बसवून पुढे निघत. तिच्या खेपा त्याच जुन्या नॉर्टनवरून होत, असेही सांगतात. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ विमानांना ते बसले होते. वैमानिकांनी या वायसराला एक लाडके नाव दिले. त्यात 'मिस शिलिंग' हे शब्द होते, बाई तेव्हा मिसेस नेलर झाल्या होत्या तरी. नावाचा उरलेला भाग पलटणीतल्या विनोदाचा असल्याने दिवाळी अंकात छापता येत नाही.

इथे इतिहासाच्या मास्तराला थोडे कडू व्हावे लागते. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, की या वायसराने ब्रिटनची लढाई जिंकून दिली. तसे नाही. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि शरदात निकालात निघाली. वायसर आले त्यानंतर. ज्या पोरांनी ती लढाई लढली, ती खोकणाऱ्या इंजिनांनिशीच लढली. आणि वायसर हा पुरता इलाजही नव्हता. तो १९४३ नंतर नव्या जातीच्या कार्बोरेटरने झाला. पण मधली दोन वर्षे किती तरुण बुडी मारून पुन्हा वर आले असतील, त्याची नोंद कोणत्या दप्तरात असणार? मेलेल्यांची यादी असते, वाचलेल्यांची नसते.

हे मी एका शनिवारी वाचून दाखवले, तेव्हा मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग उठून पाणी प्यायला गेले. ते का, हे मला ठाऊक होते, आणि आता सांगायला हवे.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ शर्यतीत उतरत असे. मद्रासजवळ शोलावरम म्हणून महायुद्धातली एक जुनी धावपट्टी आहे. पुढे पुष्कळ वर्षे तिच्यावर शर्यती भरत. (विलायतेतही हेच झाले. सिल्व्हरस्टोन काय किंवा थ्रक्स्टन काय, मुळात लढाईतले विमानतळच. ब्रुकलँड्सला मात्र लढाईने गिळले. १९३९ नंतर तिथे शर्यत झाली नाही.) दोघे भाऊ इथून रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये येझदी चढवून मद्रासला जात. चालवणारा धाकटा, इंजिन बांधणारा थोरला. १९८१ साली एका शर्यतीत धाकटा गेला. गाडीत दोष नव्हता, सगळ्यांनी तसे सांगितले. मिस्त्रींनी ते इंजिन घरी आणून उघडले, सुटा न् सुटा भाग पाहिला. खरेच दोष नव्हता. ते आजही म्हणतात, "दोष सापडला असता तर बरे झाले असते, मास्तर."

आणि हा माणूस दर पंधरा दिवसांनी मॅन बेटाच्या शर्यतीचा अनुबोधपट लावतो.

त्या बेटावरचा रस्ता पावणेअडतीस मैलांचा आहे. गावांतून, शेतांतून, स्नेफेल डोंगराच्या खांद्यावरून जातो. दोन्ही बाजूंना घरे, दगडी कुंपणे, दिव्यांचे खांब. स्वार एकदम सुटत नाहीत. दर दहा सेकंदांनी एक, आणि झुंज घड्याळाशी. १९०७ साली, तेव्हाच्या लहान रस्त्यावर, चार्ली कॉलिअर जिंकला तो ताशी ३८ मैलांच्या सरासरीने. २०२३ साली पीटर हिकमनने डोंगरी रस्त्याचा एक फेरा ताशी १३६ मैलांनी मारला. भिंती मात्र दगडाच्या होत्या, त्या दगडाच्याच आहेत. त्या रस्त्याने आजवर अडीचशेहून अधिक स्वार घेतले. १९३९ च्या जून महिन्यात, लढाईला जेमतेम तीन महिने उरले असताना, नॉर्टन कंपनी लष्कराच्या गाड्या बांधण्यात गुंतल्यामुळे अधिकृतपणे उतरली नव्हती, आणि गेओर्ग मायर हा जर्मन बीएमडब्ल्यूवर बसून मुख्य शर्यत जिंकून गेला. त्याचा सोबती कार्ल गाल सरावातच पडून मेला होता. १९७२ साली गिल्बेर्तो पार्लोत्ती गेला, तेव्हा जगज्जेता आगोस्तिनी म्हणाला, मी इथे पुन्हा येणार नाही. आणि आला नाही. १९७६ नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदाचा मानही गेला. तरी ती चालू आहे.

मिस्त्रींच्या आवडीचा अनुबोधपट २०१० च्या शर्यतींवर काढलेला आहे. तो २०११ साली चित्रपटगृहांत आला. त्यात गाय मार्टिन म्हणून एक कल्लेवाला, बडबड्या स्वार आहे. पोटापाण्याचा धंदा ट्रक-दुरुस्तीचा. म्हणून मिस्त्रींना तो आपल्या जातीचा वाटतो. बॅलागरी नावाच्या वळणावर तो पडतो, गाडीचा आगीचा गोळा होतो, आणि हा पाठीची मोडलेली हाडे घेऊन वाचतो. पण त्याच आठवड्यात, त्याच वळणावर न्यूझीलंडचा पॉल डॉब्ज गेलेला असतो. अनुबोधपटात त्याची विधवा बोलते. ती रडत नाही, कोणाला शिव्याशाप देत नाही. मिस्त्री तो भाग कधीही पुढे ढकलू देत नाहीत. मार्टिन पडतो तेव्हा ते खाली बघतात; ती बाई बोलू लागली, की मान वर करतात.

आमच्या दोन शनिवारांचा एक शनिवार झाला, तो याच मार्टिनमुळे. २०१४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर त्याचा एक अनुबोधपट आला. पण त्यात शर्यत नव्हती, स्पिटफायर होते. त्या विमानाचा क्रमांक एन ३२००. २६ मे १९४० रोजी, डंकर्कची माघार चालू असताना, जेफ्री स्टीव्हनसन या स्क्वॉड्रन लीडरने ते उडवले आणि ते पाडले गेले. त्याने ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर सांगाट गावाजवळ वाळूत उतरवले. तो स्वतः पुढे पकडला गेला आणि कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैदी होऊन राहिला. लढाईतून वाचला, आणि १९५४ साली अमेरिकेत एक नवे जेट उडवताना मेला. विमान वाळूने गिळले. १९८६ साली ते सापडले, तेव्हा गंजाचा आणि शिंपल्यांचा एक लगदा होता. डक्सफर्डच्या कारागिरांनी ते पुन्हा उभे केले. मार्टिन त्यांच्या हाताखाली रिबिटे ठोकायला गेला. २०१४ साली ते उडाले, आणि २०१५ साली मालकाने ते युद्ध-संग्रहालयाला देऊन टाकले. त्याच मालकाचे दुसरे, असेच वाळूतून काढलेले विमान लिलावात तीस लाखांहून अधिक पौंडांना गेले.

साहेबांनी इथे एक शंका काढली. सगळा पत्रा नवा, सगळ्या तारा नव्या; मग हे तेच विमान कसे? मी म्हटले, आमच्या आजोबांच्या वाड्याची कौले बदलली, तुळया बदलल्या, जोतेही नवे घातले, तरी लोक त्याला आजोबांचाच वाडा म्हणतात. साहेबांना हे पटले नाही. ते म्हणाले, "वाडा उडत नाही, मास्तर. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आपले स्पिटफायर उभे आहे, काश्मीरच्या लढाईत आपण ती विमाने उडवली. मी त्याच्यापुढे उभा राहिलो होतो. काही वाटले नाही. आणि २०१८ साली तो डाकोटा, परशुराम, विलायतेत दुरुस्त होऊन उडत हिंदुस्थानात आला, तेव्हा मी टीव्हीपुढे उभा राहिलो." आवाज नसेल तर ते विमान नव्हे, धातू आहे, असे त्यांचे म्हणणे. मिस्त्रींना वाटत होते, की एवढ्या खटपटीने वाळूतून वर काढलेली वस्तू पुन्हा आकाशात नेऊन जोखमीत घालणे म्हणजे पाप आहे. मी चमकून पाहिले. टीटी बघणारा माणूस असे म्हणतो आहे! पण त्यांनी समजावले : "पोरगा स्वतः ठरवून जातो, मास्तर. विमानाला कोणी विचारले?"

त्या शनिवारी अनुबोधपटाच्या शेवटी ते मर्लिन पहिल्यांदा सुरू होते. आधी नुसता पंखा लडबडत फिरतो, मग एका बाजूच्या धुराड्यांतून निळा धूर, मग दुसऱ्या. एखाद-दुसरा फटका चुकतो, आणि अचानक बाराही सिलिंडर एका सुरात लागतात. साहेबांनी चष्मा काढला होता. मिस्त्री डोळे मिटून, डॉक्टर नाडी बघतो तसे कान देऊन ऐकत होते.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

साहेबांनी मागे नेऊन पुन्हा लावले.

"उजवीकडचा चौथा उशिरा लागतो," मिस्त्री म्हणाले. "पण लागतो."

खालून साहेबांच्या मंडळींचा आवाज आला, की दहा वाजून गेले, आणि शेजारच्या बाळाला आत्ताच झोप लागली आहे. साहेबांनी आवाज निम्म्यावर आणला. मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आणखी एकदा. ह्या वेळी डावीकडचे मोजू."